कापलेली कड

एका गावात एक बाइंडर होता, आणि त्याच्या हातून कागदाची कड कधी वाकडी कापली गेली नव्हती. त्याचं नाव त्र्यंबक. जुन्या वह्या, पोथ्या, शाळेची पुस्तकं तो बांधून द्यायचा. पोलादी पट्टी ठेवली, सुरी ओढली, की कड अशी सरळ यायची की तिच्यावरून चालणाऱ्या मुंगीलाही कुठे वळावं लागू नये. गाव त्याला बाइंडरकाका म्हणायचं, आणि जरा दबूनच म्हणायचं.

त्याच्या घरात दुसरं माणूस नव्हतं. चहाचे पेले दोन होते, पण त्यातला एक फळीवर कायम पालथा असायचा.

बांधणीतून उरलेली एकही कतरण त्र्यंबक टाकत नसे. रंगांच्या लाटा असलेला अबरीचा कागद, पुठ्ठ्यावरचं कापड, पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या, सगळं एका पत्र्याच्या डब्यात जायचं. पट्ट्यांवर कुणाकुणाची अर्धीमुर्धी अक्षरं असायची. कुठे पाढे, कुठे एखाद्या पत्राचा मायना. ती अक्षरं तो वाचत नसे. खळ लावायची, चिकटवायचं आणि मोकळं व्हायचं.

दिवाळीला आणि संक्रांतीला तो या कतरणींची शुभेच्छापत्रं करायचा. गल्लीत वीस घरं होती, म्हणून वीस पत्रं. सकाळी उठून तो ती दारांच्या फटीतून आत सरकवायचा आणि मग आपल्या ओट्यावर येऊन बसायचा. आता कुणी येईल, दोन घटका बसेल, आपल्यालाही एखादं पत्र देईल, अशी त्याला आशा असायची. कुणी येत नसे.

का येत नसे, तेही सांगतो. एकदा गल्लीतली एक मुलगी मोठ्या हौसेनं स्वतः केलेलं पत्र घेऊन त्याच्याकडे आली होती. त्र्यंबकानं ते उजेडात धरलं आणि म्हणाला, "खळ जास्त झाली. आणि फूल मधोमध नाही." बोलणं खरं होतं. पण मुलगी पुन्हा आली नाही, आणि तिचं ऐकून दुसरंही कुणी आलं नाही. त्र्यंबकाला वाटायचं, या लोकांना मायाच नाही.

त्याच्या समोरच्या घरात गेनबा कल्हईवाला राहायचा. तोही एकटाच. बायको गेलेली, मुलगा तालुक्याच्या गावी. गेनबा रोज सकाळी भाता ओढायला बसला, की त्या आवाजावर त्र्यंबक चहाचं आधण ठेवायचा. दोघांचं फारसं बोलणं नव्हतं. "काय नाना?" असं गेनबा विचारायचा, "चाललंय," असं त्र्यंबक म्हणायचा, आणि दिवस सुरू व्हायचा. त्याला नाना म्हणणारा गावात तेवढा एकच माणूस होता.

पुढे घरोघर स्टीलची भांडी आली. कल्हई कोण करणार? भाता आठवड्यातून दोनदाच वाजू लागला.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दिवशी गेनबा त्र्यंबकाच्या ओट्यावर चढला. हातात शुभेच्छापत्र होतं. नात सुट्टीत आली होती, ती आपला कागदकामाचा संच त्याच्याकडे विसरून गेली होती. त्यातली तयार कापलेली फुलं आणि चमकीच्या चांदण्या गेनबानं दीड वीत लांब जाड कागदावर चिकटवल्या होत्या. फुलांचे देठ वर होते. चांदण्या एकमेकींवर चढल्या होत्या. खालची कड तर नदीकाठासारखी नागमोडी होती.

"नाना, तुमच्यासाठी केलंय," गेनबा म्हणाला. "सवडीनं बघा."

त्र्यंबकाची नजर सरळ खाली गेली. "कड वाकडी गेलीय, गेनबा."

"हात भांड्याचा हाय, नाना. कागदाचा न्हाई."

गेनबा थोडा वेळ तसाच उभा राहिला. त्र्यंबकानं बस म्हटलं नाही. त्याला तसं म्हणायचं नव्हतं असं नाही. पण ती कड त्याला बोलूच देईना. मग गेनबा ओटा उतरून गेला.

तो जाताच त्र्यंबकानं पत्र फळ्यावर ठेवलं, पट्टी लावली आणि सुरी ओढली. बोटभर रुंदीची वाकडी पट्टी डब्यात पडली. आता कुठे पत्राला रूप आलं, असं म्हणून त्यानं ते उलटून पाहिलं. मागे खळीचे डाग होते, काजळीचे अंगठे होते, आणि अक्षर एकही नव्हतं. 'इतकं केलं, पण चार शब्द काही लिहिता आले नाहीत,' असं त्याच्या मनात आलं. त्यानं पत्र फळीवर ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी पाडवा होता. त्र्यंबक दुपारी उंबऱ्यात बसून सकाळचा भात जेवला. समोर गेनबाचं दार सताड उघडं होतं आणि गेनबा आत दाराकडे तोंड करून बसला होता. आज याला काम नाही वाटतं, असं त्र्यंबकाला वाटलं. हाक मारावी असं दोनदा मनात आलं, पण सणाच्या दिवशी दुसऱ्याच्या दारात आपणहून कसं जायचं, म्हणून तो उठून आत गेला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी समोरच्या दाराला कुलूप होतं. गेनबा गाव सोडून गेला, असं कुणीतरी सांगितलं.

"मला सांगूनसुद्धा गेला नाही," त्र्यंबक म्हणाला. त्याला फार लागलं. चहाचं आधण कधी ठेवायचं, हेच त्याला कळेना. कधी आठला ठेवायचा, कधी दहाला. आणि दर वेळी समोरच्या कुलपाकडे बघून मनात म्हणायचा, असतात एकेक माणसं.

संक्रांतीला त्यानं पतंगांची पत्रं केली. तीन पतंगांना शेपटी कमी पडली, तेव्हा डब्यात एक जाड पांढरी पट्टी हाती लागली. तिचे चार तुकडे केले. तीन शेपट्या झाल्या. चौथ्या तुकड्यावर काळा डाग होता, म्हणून तो पुन्हा डब्यात टाकला.

होळीच्या सुमारास डबा रिकामा होत आला. तळाशी तो डागाळलेला तुकडा होता. त्र्यंबकानं तो सहज उलटा केला. त्यावर पेन्सिलीनं, शाळेतल्या पोरासारख्या मोठ्या अक्षरात, एकच शब्द लिहिला होता: 'नाना'.

त्र्यंबकाचे हात थांबले. त्यानं फळीवरचं पत्र काढलं आणि तो तुकडा त्याच्या कापलेल्या कडेला लावून पाहिला. बरोबर बसला. डाग म्हणजे गेनबाचा अंगठा होता, त्याचा अर्धा भाग तुकड्यावर आणि अर्धा पत्रावर. मागची बाजू खळीनं बरबटली, म्हणून बिचाऱ्यानं तळाशी जी कोरी जागा उरली तिथे लिहिलं होतं. नेमकी तीच जागा त्र्यंबकानं कापून टाकली होती.

उरलेले शब्द तीन पतंगांच्या शेपट्या होऊन तीन घरांत गेले होते. ती घरं त्याला पाठ होती. पण वीस वर्षांत तो एकाही घराचा उंबरा ओलांडून आत गेला नव्हता. दारातून पत्र सरकवायचं, तेवढंच त्याला ठाऊक.

सकाळी तो निघाला. पहिलं घर मोतीचंद दुकानदाराचं. पत्र दुकानात, देवाच्या तसबिरीशेजारी लावलेलं होतं.

"मला या पतंगाची शेपटी काढून हवी आहे," त्र्यंबक खाली मान घालून म्हणाला. "पत्र खराब होईल."

"तुमचंच आहे, काका. पण आधी आत येऊन बसा तरी."

त्र्यंबकानं ओलं फडकं शेपटीवर ठेवलं. खळ सुटली. शेपटीच्या मागे लिहिलं होतं: 'पाडव्याला जेवाया या'.

त्र्यंबकाला ती दुपार आठवली. उघडं दार आठवलं. दाराकडे तोंड करून बसलेला गेनबा आठवला. मोतीचंदनं पुढे केलेला चहा तसाच ठेवून तो उठला.

दुसरं घर हौसाबाईचं. म्हातारीनं पत्र ट्रंकेत, लग्नातल्या शालूच्या घडीत ठेवलं होतं. ते काढताना शालूखालून आणखी सात-आठ पत्रं खाली पडली. वेडीवाकडी, जुन्या कॅलेंडरची फुलं कापून चिकटवलेली.

"ही कुणाची?" त्र्यंबकानं विचारलं.

"तुमचीच की," हौसाबाई म्हणाली. "दर दिवाळीला करते. द्यायचा धीर होत न्हाई."

त्र्यंबकानं पडलेली पत्रं उचलून ट्रंकेवर ठेवली. त्यानं फडकं ठेवलं, शेपटी सोडवली. मागे लिहिलं होतं: 'मग मी पोराकडं चाललो'. निघताना त्यानं ती सात-आठ पत्रं मागून घेतली. एकाचीही कड त्यानं पाहिली नाही. निदान त्या दिवशी तरी नाही.

तिसरं घर चंद्राक्काचं. तिची पिठाची गिरणी होती, आणि पतंगावर पिठाचा थर बसला होता. त्र्यंबकानं शेपटी सोडवली. त्यावर दोनच शब्द होते: 'वाट बघतो'.

चंद्राक्कानं ते वाचलं आणि हातांवरचं पीठ झटकलं. मग म्हणाली, "काका, त्या दिवशी सैपाक मी करून दिलता. गेनबाला पुरणाचं जमत न्हाई. मला म्हणला, दोन ताटं कर, नाना येणार हायत."

"मग?"

"संध्याकाळी ताटं न्यायला गेले. दोन्ही तशीच हुती."

त्र्यंबक गिरणीच्या पायरीवरच बसला. इतके दिवस तो गेनबावर रुसला होता. सांगून गेला नाही, म्हणून. आणि गेनबानं तर लिहून सांगितलं होतं, जेवायला बोलावलं होतं, आपल्या वाटचं जेवणही थांबवलं होतं. त्याला भर दुपारी, लोकांच्या देखत रडू आलं. चंद्राक्कानं त्याला रडू दिलं. मग तिनं गेनबाच्या मुलाचा पत्ता सांगितला.

घरी येऊन त्र्यंबकानं चारही तुकडे पत्राच्या खाली पुन्हा जोडले. ओले झाल्यानं ते आक्रसले होते. सांधे नीट जुळेनात, कड पहिल्यापेक्षाही वाकडी झाली. सवयीनं हात पट्टीकडे गेला. पट्टी उचललीही. मग त्यानं ती खाली ठेवली आणि पत्र कागदात गुंडाळलं.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या बदलून तो तालुक्याच्या गावी पोहोचला, तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. मुलाच्या घराच्या पायरीवर गेनबा बसला होता. समोर भाता नव्हता, भांडी नव्हती. हात मांडीवर नुसते ठेवलेले होते. घासून घासून ते आता स्वच्छ झाले होते, आणि त्र्यंबकाला ते ओळखू येईनात.

त्र्यंबकानं पत्र त्याच्या हातात दिलं. गेनबानं ते उलटं केलं. जोडलेले तुकडे पाहिले, डाग पाहिले, त्र्यंबकाच्या तोंडाकडे पाहिलं. सगळं त्याला न सांगता समजलं.

"कड वाकडी गेलीय, नाना," तो हळूच म्हणाला.

"असू दे."

गेनबा पायरीवर जरा सरकला आणि त्र्यंबक त्याच्या शेजारी टेकला.

"जेवलासा का?" गेनबानं विचारलं.

"नाही," त्र्यंबक म्हणाला. "पाडव्याचं राहिलंय."

गेनबा उठला आणि आत जाऊन त्यानं सुनेला दोन ताटं मांडायला सांगितली.

संध्याकाळच्या गाडीनं त्र्यंबक परत आला. समोरच्या दाराला कुलूप होतं ते होतंच. भाता काही पुन्हा वाजणार नव्हता, आणि त्या आवाजाची उणीव त्याला मरेपर्यंत भासत राहिली. पण त्या रात्री त्यानं हौसाबाईची पत्रं भिंतीवर ओळीनं लावली, एकेक करून नीट वाचली, आणि फळीवरचा दुसरा पेला उताणा करून ठेवला. सकाळी तो हौसाबाईला चहाला बोलवायला गेला.

तात्पर्य: जो माणूस समोरच्याची वाकडी कड आधी कापतो आणि मग वाचायला बसतो, त्याच्या हाती कोरा कागदच उरतो.