धनाईने घडवलेला हात

फार जुन्या काळी, डोंगराच्या कुशीतल्या एका गावात धनाई नावाची पाथरवटीण राहायची. नवरा गेल्यावर टाकी-हातोडी तिनेच हाती घेतली होती.

गावाला बुद्धाची बसलेली मूर्ती हवी होती. उजवा हात वर, तळवा समोर, म्हणजे ‘भिऊ नका’ असं सांगणारी. बैलांच्या बारा जोड्या लावून, उन्हाळाभर खपून गावाने डोंगरावरून काळा दगड खाली आणला. धनाई आणि तिचा दीर सिदू कामाला लागले. वरून सुरुवात केली. शांत चेहरा झाला, खांदे झाले, वर केलेला हात झाला. पुढच्या सालची वैशाखी पौर्णिमा आठ दिवसांवर आली आणि त्या हातावर टाकी मारताना दगड बद्द वाजला.

धनाईने त्यावर पाणी ओतलं. पाणी सुकलं, पण मनगटावर एक ओली रेघ तेवढी राहिली. आत तडा होता.

“लाख आणि दगडाची भुकटी भरू, वहिनी,” सिदू म्हणाला. “घासलं की कुणाला कळायचं नाही.”

“दोन पावसाळ्यांत लाख सुटेल, भावजी. तेव्हा या हाताखाली कुणाचं तरी लेकरू बसलेलं असेल.”

ती तडक चावडीवर गेली आणि सगळं सांगितलं. पाटील भडकले. “अख्खं गाव राबलं, आणि आता सांगतेस?”

“आजच कळलं, पाटील. कोपराखालचा दगड अजून तसाच आहे. हात खाली घेता येईल. पण तिथेही तडा निघाला तर मूर्ती गेली. म्हणून विचारायला आले.”

तेव्हा गावच्या विहारातले म्हातारे भन्ते म्हणाले, “तिने लपवलं असतं तरी आपण फुलं वाहिलीच असती. माझा तिच्यावर भरवसा आहे.”

पाटलांनी नाइलाजाने मान डोलावली.

धनाईने घडवलेला हात स्वतःच्या हाताने फोडला. सिदूने डोळे मिटून घेतले. मग तिने खालच्या दगडावर टाकी मारली. दगड घंटेसारखा खणखणला! सात दिवस दोघांनी धड जेवणही केलं नाही.

पौर्णिमेला मूर्तीवरचं कापड दूर झालं. उजवा हात गुडघ्यावरून खाली आला होता, बोटं भूमीला टेकली होती.

भन्ते गहिवरले. “ध्यान मोडायला आलेल्या माराने विचारलं होतं, ‘तुझा साक्षीदार कोण?’ तेव्हा सिद्धार्थाने असाच हात भूमीला लावला. खऱ्याची साक्ष भूमी देते.”

एका आजीबाईने वाकून जमिनीला हात लावला. मग सगळ्या गावाने लावला. पाटलांनीही लावला आणि उठताना ते ओरडले, “वाजवा रे ढोल! धनाईसाठी वाजवा!”

शेजारच्या तीन गावांची माणसं तिथेच पुढे आली. “आमचीही मूर्ती हिच्याच हातची हवी.”

सिदूची छाती फुगली. “घडवू की! पण दगड आधी वहिनी वाजवून बघणार. ती नाही म्हणाली, तर दुसरा आणावा लागेल!”

तात्पर्य एवढंच: कामातला दोष स्वतःहून सांगावा. तो दुरुस्त करायची हिंमत असली, की तेच काम आधीपेक्षा उजवं होतं.