एकविसावा बांध

पूर्वी गोदावरीकाठच्या पोतन नगरात अश्मकांचा राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व राजाच्या जमिनी मोजणाऱ्या एका कुळात जन्मले. वयात आल्यावर वडिलांची दोरी त्यांच्या हाती आली. त्यांचे नाव सुयाम, पण गावोगावचे शेतकरी त्यांना दोरीवाले दादा म्हणत. त्या राज्यात असा नियम होता की जे शेत तीन वर्षे पडीक राहील ते राजाचे व्हावे आणि त्याचा दहावा हिस्सा मोजणाऱ्याला मिळावा. मोजणाऱ्याने कामात लक्ष घालावे, एवढाच नियम करणाऱ्याचा हेतू होता. तो सफल झाला होता. सुयामांचे आजे-पणजे पडीक शेते फार लक्ष घालून मोजत.

नगरापासून दोन दिवसांच्या वाटेवर वालुकग्राम नावाचे खेडे होते. तिथे एकवीस घरे होती आणि प्रत्येक घराचे एक लहानसे शेत होते. ही शेते पश्चिमेच्या उघड्या माळापासून पूर्वेच्या नदीपर्यंत एका रांगेत पसरली होती. फाल्गुन सरला की माळावरून वारा सुटे. उन्हाळ्यात तो मातीचा वरचा थर घेऊन जाई, आणि पावसाळ्यात परत येऊन उभे पीक आडवे करी.

पूर्वी तिथल्या बांधांवर झाडे होती, असे म्हातारे सांगत. पण बांधावरच्या झाडाची सावली सकाळी एकाच्या पिकावर पडते आणि दुपारी दुसऱ्याच्या. दोन शेजाऱ्यांना सात पिढ्या भांडायला एवढे कारण पुरते. शेवटी सावली कोणाच्याच पिकावर पडू नये म्हणून गावाने सगळी झाडे तोडली. त्या गावात एकमताने झालेले तेवढे एकच काम.

रांगेतले पहिले शेत, अगदी माळाला लागून असलेले, उत्तिय नावाच्या माणसाचे होते. तो गावात सर्वांत शेवटी आला, म्हणून कोणालाच नको असलेले शेत त्याच्या वाट्याला आले. उत्तियाच्या पायाला भिंगरी होती. नऊ वर्षांत त्याने तीन गावे सोडली होती. एका गावचे पाणी खारट होते, दुसऱ्या गावात रानडुकरे होती, तिसऱ्या गावात शेजारी होते. रानडुकरांविषयी तो अजूनही आदराने बोले. जेवता जेवता तो मधेच उठे, दाराशी जाऊन आभाळ बघे, परत येई आणि आपण जेवत होतो हे विसरून गाडीच्या चाकाला तेल घालायला लागे.

"तीन दारांत मी दुधीचा वेल लावला," त्याची बायको सामा म्हणे. "तिन्ही ठिकाणचे दुधी मागून आलेल्यांनी खाल्ले. या वेळी गाडी भरायची असली तर मला वगळून भरा."

उत्तिय गाडी भरत नसे, पण रिकामीही करत नसे. निम्मे सामान कायम गाडीतच असे.

अशा वेळी सुयाम मोजणीला आले. गावातली तीन शेते पडीक पडण्याच्या बेतात होती, म्हणजे त्यांच्या घरी आनंदाचीच बातमी होती. पण त्यांनी एका बांधाशी बसून मातीत हात घातला. वीतभर खाली मुरूम लागला. त्यांनी दोरी गुंडाळून ठेवली आणि गावाला बोलावले. गावात बसण्याजोगी सावली नव्हती, म्हणून सगळे त्यांच्या गाडीच्या सावलीत एकमेकांचे गुडघे चुकवत बसले.

सुयाम म्हणाले, "प्रत्येकाने आपल्या पूर्वेच्या बांधावर झाडं लावायची. शेवगा, हादगा, करंज, मधे मधे बोर. शेंगा, पाला, सरपण लावणाऱ्याचं. आडोसा मात्र पलीकडच्या शेजाऱ्याचा. तुम्ही पूर्वेच्या शेजाऱ्याला आडोसा द्या, पश्चिमेचा शेजारी तुम्हाला देईल."

"आणि सावलीचं काय?" एकाने विचारले.

"पेरणीच्या तोंडी फांद्या छाटायच्या. पाला शेतात कुजवायचा. रोपाशेजारी एकेक मडकं पुरायचं, म्हणजे पाणी मुरत राहील. नदीवरून पाणी आणायची पाळी सगळ्यांनी मिळून लावायची, आणि तीन वर्षं शेळ्या बांधून चारायच्या."

शेवटच्या शेताचा मालक सोणक उभा राहिला. त्याचे शेत नदीला लागून होते. "दादा, माझ्या पूर्वेला नदी आहे. मी आडोसा कोणाला देऊ, माशांना?"

लोक हसले. सुयामही हसले आणि म्हणाले, "तुझ्याकडे बांध नाही, तर तुला झाडं नाहीत." सोणक समाधानाने खाली बसला.

सुयामांनी मोजून पाहिले. एकवीस शेतांच्या मधे वीस बांध. लावणारे वीस, आडोसा मिळणारे वीस. त्यांनी दुसऱ्यांदा मोजले, तेव्हाही जमले. जे दोनदा बरोबर येते त्याच्याकडे शहाणा माणूससुद्धा तिसऱ्यांदा बघत नाही.

सर्वांत आधी होकार दिला तो उत्तियाने. झाडे वाढेपर्यंत तो तिथे राहणारच नव्हता.

पण सामाने रोपे लावली आणि मडकी पुरली. उत्तियाला स्वस्थ बसवत नसल्याने पाण्याच्या खेपा त्यानेच घातल्या. त्याच्या बांधावरची झाडे गावात सर्वांच्या आधी डोक्याच्या वर गेली. तिसऱ्या चैत्रात दुसऱ्या शेतातली माती जागची हलली नाही. चौथ्या-पाचव्या शेतात तर लोक उघड्यावर तीळ पाखडू लागले. फक्त उत्तियाच्या शेतात पूर्वीसारखीच वाळू साचली. त्याने निगुतीने राखलेला शेवगा त्याच्या शेताच्या पूर्वेला उभा राहून शेजाऱ्याचे रक्षण करीत होता, आणि पश्चिमेकडून वारा सरळ उत्तियाच्या ताटात येत होता. भाकरी चावताना रोज वाळू कचकचे. घास तसाच टाकून तो उठे.

वैशाखात एके सकाळी त्याने उरलेले निम्मे सामानही गाडीत घातले. जोंधळ्याचे बियाणे तेवढे सामाने गाडीतून काढून परत घरात नेले. त्याने बैल जुंपले, तेव्हा ध्यानात आले की एका चाकाला आसावर अडवणारी खीळ नाही.

त्याने बाभळीची नवी खीळ तासली, बसवली आणि दावे आणायला गोठ्यात गेला. परत आला तर तीही नव्हती. तिसरी खीळ बसवून तो चाकावर हात ठेवून उन्हात बसून राहिला. बायकोवर संशय घेण्याचे धैर्य त्याच्यात नव्हते, म्हणून त्याने एकूण गावावर घेतला.

दुपारी मोजणीसाठी सुयाम आले. त्यांनी एका हाताने सोणकाला धरून आणले होते, आणि सोणकाच्या मुठीत दोन खिळा होत्या.

"वाटेत भेटला," सुयाम म्हणाले. "दे त्याच्या त्याला."

"गावाच्या भल्यासाठी केलं दादा!" सोणक म्हणाला. "हा गेला तर याचं शेत पडीक. मग बांधाला पाणी कोण घालणार? शेळ्या झाडं खाणार, वारा दुसऱ्या शेतात, मग तिसऱ्या. दोन-चार वर्षांत माझ्या दारात वाळू."

"मग मला येऊन सांगायचंस!" उत्तिय ओरडला. "राहा म्हणायचंस! खिळा कसल्या चोरतोस?"

"राहा म्हटलं असतं तर राहिला असतास?"

"नसतो राहिलो!"

"म्हणून तर," सोणक म्हणाला.

सुयामांनी खिळा उत्तियाच्या हाती दिल्या. "तुला अडवणार नाही. पण मोजणीला दोरीचं दुसरं टोक धरायला माणूस नाही. नदीपर्यंत चल. मग खुशाल जा."

उत्तियाने टोक धरले, आणि सोणक मागून निघाला. गावात येऊन त्याला चार वर्षे होत आली होती. पाण्याला तो नदीवर नेहमीच जाई, पण ती गाडीवाट शेतांच्या बाहेरून होती. एकामागून एक शेते ओलांडीत तो प्रथमच चालला. पहिल्या बांधापर्यंत त्याचे धोतर वाऱ्याने फडफडत होते. पाचव्या बांधाशी ते पायांना लागून राहिले. दहाव्या शेतात एक म्हातारी सुपातले धान निवडत होती आणि सुपातला कोंडा सुपातच होता. वीस बांध संपून ते सोणकाच्या शेतात आले, तेव्हा माती काळीभोर होती आणि वारा कुठे लागत नव्हता. उत्तियाने मूठभर माती उचलली. ती मुठीत गोळा झाली.

मग त्याने दोरी खाली टाकली.

"म्हणजे मीच गावाचा बांध," तो म्हणाला. "मी खायची वाळू, आणि यांनी पाखडायचे तीळ. दादा, पहिल्या दिवशी तुम्ही दोनदा मोजलंत. माझ्या पश्चिमेला कोण आहे, हे एकदा तरी विचारलंत?"

सोणक काही बोलणार होता, पण सुयामांनी हात वर केला.

"नाही विचारलं," ते म्हणाले. "बांध म्हणजे दोन शेतांमधली रेघ. तुझ्या पश्चिमेला शेत नाही, म्हणून मी तिथे बांध धरला नाही. बांध नाही म्हणून झाड नाही. चूक माझी आहे, आणि ती नीट मोजून केलेली आहे. आता आणखी एक ऐका. उत्तिय गेला तर त्या शेताचा दहावा हिस्सा मला मिळतो. मागून गाव उठलं तर सगळ्या रांगेचा. त्यामुळे माझा सल्ला आता कोणी ऐकू नये. मी काय करतो तेवढं बघा."

पोतन नगराशेजारी नदीकाठी सुयामांची पिढीजात काळी जमीन होती. ते नगरात गेले आणि राजाला म्हणाले, "महाराज, ती जमीन परत घ्या. तिच्या बदल्यात मला वालुकग्रामच्या पश्चिमेला माळाची एक पट्टी द्या. रांगेच्या रुंदीएवढी लांब आणि पाच दोऱ्या रुंद." राजाने ताबडतोब मान्य केले. अमात्यांना मात्र त्यात सुयामांचा फायदा कुठे आहे ते सापडेना, आणि ज्यात फायदा दिसत नाही ते प्रकरण धोक्याचे, असे समजून त्यांनी दोन महिने चौकशी केली. शेवटी सुयाम वेडे आहेत असा अभिप्राय लिहून त्यांनी जमीन दिली.

उत्तिय इकडे रोज निघत होता आणि रोज थांबत होता. उद्या जाऊ, तो सामाला म्हणे, तो माणूस येतो का तेवढं बघून.

आषाढात सुयाम आले. त्यांनी माळावर खुंट्या ठोकल्या आणि रोपांसाठी खड्डे खणायला घेतले. वारा त्यांच्या तोंडावर येत होता, त्यांचे डोळे लाल झाले होते. हयातीत दोरीखेरीज त्यांनी काही धरले नव्हते, हे त्यांच्या कुदळीवरून कोसभर दिसत होते. उत्तिय दारातून बघत होता. एकदा उठला, आत गेला, पुन्हा बाहेर आला. अखेर त्याला राहवेना.

"दादा, ती कुदळ आहे. तिने मुरूम खणतात. तुम्ही त्याला गोंजारताय!"

"मग कसं करतात?"

उत्तियाने कुदळ हिसकावून घेतली. चार खड्डे खणून झाल्यावर तो थांबला. "दादा, माझ्या पश्चिमेला तुम्ही आलात. तुमच्या पश्चिमेला कोण?"

"कोणी नाही," सुयाम म्हणाले. "रांग कुठूनतरी सुरू होतेच. तिच्या पहिल्या जागी ज्याने चूक केली त्याने उभं राहावं, हे बरं."

पाचवा खड्डा उत्तियाने जरा जास्तच खोल खणला. पुरा झाल्यावर तो घरी गेला आणि गाडी रिकामी करू लागला. सामाने एक शब्द न विचारता भांडी उतरवून घेतली.

पाऊस सरल्यावर माळावरच्या रोपांना पाणी कोणी आणायचे, हा प्रश्न उरला. नदी एकवीस शेतांपलीकडे होती. गाव सोणकाकडे बघू लागले. सोणकही इकडेतिकडे बघू लागला, पण त्याच्या मागे नदीच होती.

"मला बांध नाही ना," तो शेवटी म्हणाला. "मग हाच माझा बांध." त्याने कावड उचलली आणि पहिली खेप घातली. परत येताना तो गावातल्या प्रत्येकाला दमल्याचे सांगत आला. ऐकणाऱ्यांना लाज वाटली, की त्याचे सांगणे थांबावे असे वाटले, ते कळत नाही. पण दुसऱ्या दिवशी अकरा कावडी होत्या, तिसऱ्या दिवशी एकवीस.

माळावर आधी खैर आणि बाभूळ जगली. त्यांच्या आडोशाला शेवगा, बोर, करंज आणि शिरीष उभे राहिले. सहाव्या वर्षी उत्तियाच्या शेतात कुळीथ आणि राळा भरून पिकले. पहिल्या मोजणीच्या वेळी पडीक पडू पाहणारी ती तीन शेतेही पडीक पडली नाहीत. सुयाम त्याच पट्टीवर झोपडी बांधून राहिले, शेंगा आणि बोरे सर्वांना वाटीत राहिले, आणि आयुष्य संपल्यावर आपल्या कर्मानुसार पुढच्या जन्माला गेले. उत्तिय त्या गावातून कुठे गेला नाही. मात्र चुळबुळ त्याच्या रक्तातच होती. म्हातारपणीही तो रोज पहाट झाली की माळापासून नदीपर्यंत जाई, प्रत्येक झाडाला हात लावी, आणि लोकांना त्यांच्या छाटणीतल्या चुका सांगे. रानडुकरांच्या गावी त्याची आठवण काढतात, अशी त्याची समजूत होती.

ही कथा शास्त्यांनी, म्हणजे भगवान बुद्धांनी, जेतवनात सांगितली ती एका भिक्षूसाठी. तो रोज ध्यानाची जागा बदलत असे. एका झाडाखाली मुंग्या, दुसऱ्याखाली ऊन, तिसऱ्याखाली दुसरा भिक्षू. शास्ते म्हणाले, "भिक्षूंनो, हा आजच अस्वस्थ आहे असे नाही. त्या वेळी उत्तिय होता तो हाच. विहाराला नेमाने पाणी पुरवणारी आणि कमी बोलणारी ती उपासिका तेव्हा सामा होती. दमल्याचे सर्वांना सांगत फिरणारा, पण झाडलोट न चुकवणारा जो भिक्षू तिकडे मागे बसला आहे, तो सोणक. आणि दोनदा मोजूनही चुकलेला तो दोरीवाला मीच होतो."

आपली चूक कळल्यावर पुढे सरून, ज्या जागेला आडोसा नाही तिथे उभे राहायचे, आणि वारा सुटला तरी तिथून हलायचे नाही, या निश्चयाला अधिष्ठान म्हणतात. बोधिसत्त्वांनी त्या जन्मी या गुणाची परिपूर्णता, म्हणजे पारमिता, साधली.