फाटकातली गाडी आणि चमचाभर विरजण

एकदा एका वृद्ध शास्त्रीबुवांच्या फाटकातून शेजाऱ्याची गाडी आत आली आणि तिथेच मुक्कामाला राहिली. शास्त्रीबुवांचं घर तालुक्याच्या गावी, पेठ संपते तिथे होतं. रस्त्यापासून घराच्या ओट्यापर्यंत त्यांच्या मालकीची, एक वाहन जेमतेम जाईल एवढी फरसबंद वाट होती. शेजारी फरशीचा व्यापारी. त्याच्या स्वतःच्या अंगणात शहाबादी फरशीच्या थप्प्या रचलेल्या, म्हणून त्याने आपली पांढरी गाडी या वाटेत लावायला सुरुवात केली. विचारलं नाही, सांगितलं नाही. शास्त्रीबुवांकडे वाहन नाही, मग जागा मोकळी का ठेवायची, असा त्याचा सरळ विचार असावा.

शास्त्रीबुवांकडे न्यायशास्त्र शिकायला एक शिष्य राहिला होता. चांगला तिशीतला, बुद्धीने तल्लख. पक्ष, हेतू आणि दृष्टांत मांडून तो काहीही सिद्ध करून दाखवी. ही वाट आपली आहे हे त्याने पहिल्याच सकाळी स्वतःशी निर्विवाद सिद्ध केलं आणि मग गाडीकडे पाहिलं. गाडी होती तिथेच होती.

त्याच्या संतापाला कारणही तसंच होतं. शास्त्रीबुवांच्या थोरल्या भगिनी, अक्का, त्याच घरात राहत. गुडघे गेलेले, हृदय थकलेलं. दर आठवड्याला दवाखान्यात जावं लागे. पूर्वी रिक्षा थेट ओट्याला लागायची आणि अक्का कठड्याला धरून आपल्या पायांनी तिच्यात बसायच्या. आता वाटेत गाडी. रिक्षा बाहेर रस्त्यावर थांबे आणि शिष्य अक्कांना दोन्ही हातांवर उचलून गाडीच्या कडेकडेने न्यायचा. पेठेतले लोक बघत राहत. अक्का पदर तोंडावर ओढून घेत. एकदा त्या पदराआडूनच म्हणाल्या, "गाठोडं नेतोस तसं नेतोस रे मला." शिष्य त्या दिवशी जेवला नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने पत्र्याची पाटी रंगवली. 'खाजगी जागा. वाहन लावू नये.' अक्षर सुरेख आलं होतं. ती घेऊन तो शास्त्रीबुवांपुढे उभा राहिला.

"गुरुजी, ही फाटकाला लावतो. नाही ऐकलं तर पोलिसांत जाऊ. न्याय आपल्या बाजूने आहे."

"आहेच," शास्त्रीबुवा म्हणाले. त्यांनी पाटी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली आणि अंगणातल्या पाण्याच्या पिंपावर पालथी ठेवली. ती बरोबर बसली. "झाकण हवंच होतं. आता एक काम कर. घरात दही आहे ना? सगळं कढीत घाल. आणि संध्याकाळी वाटी घेऊन शेजारी जा, चमचाभर विरजण मागून आण."

शिष्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. "कुठल्या शेजारी?"

"गाडीवाल्या. दिवे लागायच्या आत जा, नंतर पुष्कळ घरांत विरजण देत नाहीत."

गुरूची आज्ञा. शिष्य गेला, पण कसा गेला ते त्याचं त्याला ठाऊक. मागच्या दारी उभा राहून त्याने घसा खाकरला. व्यापाऱ्याची बायको बाहेर आली. शास्त्रीबुवांकडचा माणूस पाहून तिचा चेहरा पडला. कधीतरी हे येणारच, असं काहीसं तिच्या तोंडावर होतं. शिष्याने वाटी पुढे केली.

"वहिनी, जरा विरजण देता का?"

ती क्षणभर पाहतच राहिली. मग आत जाऊन विरजण घेऊन आली. वर म्हणाली, "आमचं दही जरा आंबट असतं हं. अक्कांना चालेल ना?"

सकाळी दही लागलं. वाटी रिकामी परत करायची नाही, म्हणून अक्कांनी तिच्यात लिंबाचं लोणचं घालून दिलं. चार दिवसांनी व्यापाऱ्याच्या बायकोने अळूच्या वड्या पाठवल्या. शास्त्रीबुवा मात्र मधूनमधून दही संपवायचे आणि शिष्याला पुन्हा वाटी घेऊन धाडायचे. कुठल्या पायरीची फरशी डुगडुगते, दाराची कडी कशी उघडते, व्यापारी दुपारी किती वाजता जेवायला येतो, हे सारं शिष्याला कळलं. व्यापारी त्याला 'या पंडित' म्हणू लागला. गाडी तेवढी हलली नाही.

एके दिवशी शिष्याचा धीर सुटला. "गुरुजी, विरजण आणून आणून आपलं दही सुधारलं, शेजारी सुधारला नाही. आणि उद्या अक्कांना एकाएकी काही झालं तर?"

शास्त्रीबुवांनी अक्कांच्या खोलीकडे पाहिलं, आणि ही भीती त्यांनाही आहे हे शिष्याला दिसलं. अशी भीती उराशी असताना हा माणूस इतका शांत कसा, याचं त्याला प्रथमच नवल वाटलं.

आणि तसंच झालं. भर दुपारी अक्कांना धाप लागली. ओठ काळेनिळे पडले, शब्द फुटेना. रिक्षा मिळेना. शास्त्रीबुवा अक्कांचा हात धरून बसले होते. ते एवढंच म्हणाले, "शेजारी जा."

शिष्य धावला. कुठून जायचं हे त्याला आठवावं लागलं नाही. डुगडुगती पायरी त्याने ओलांडली, कडी सरकवली आणि थेट स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभा राहिला. व्यापारी जेवत होता.

"भाऊ, अक्का..."

पुढचं वाक्य पुरं करायची गरज पडली नाही. व्यापारी उठला, उष्ट्या हाताने खुंटीवरची किल्ली घेतली आणि अनवाणी निघाला. गाडी ओट्याशीच उभी होती. त्याच्या बायकोने अक्कांचं डोकं मांडीवर घेतलं आणि गाडी फाटकातून बाहेर पडली. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. शिष्याने हात जोडले, पण ते कोणाला जोडले हे त्यालाही सांगता आलं नसतं. ज्या गाडीला त्याने इतके दिवस शिव्याशाप दिले होते, तिच्या स्टिअरिंगवर आमटीचे पिवळे डाग वाळत होते. ते डाग पाहून त्याचे डोळे भरून आले.

अक्का वाचल्या. त्यांना घरी सोडण्याच्या आदल्या संध्याकाळी व्यापारी फाटकाशी आला. गाडी रस्त्यावर उभी होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच तो बाहेर थांबला.

"शास्त्रीबुवा, गाडी आत लावू का?"

शिष्य कृतज्ञतेने 'लावा ना' म्हणणारच होता, एवढ्यात शास्त्रीबुवांचा आवाज आला.

"नको."

शिष्याने चमकून मागे पाहिलं.

"अक्का उद्या घरी येते आहे," शास्त्रीबुवा शांतपणे म्हणाले. "तिची रिक्षा ओट्याला लागायला हवी. तिला उचलून नेलेलं आवडत नाही."

व्यापाऱ्याने मान डोलावली. "हे आधी ध्यानातच आलं नाही बघा माझ्या. फरशी हलवतो आजच." रागाचा मागमूस नव्हता. उलट, घरातल्या थोरल्याने एखादी गोष्ट सांगावी आणि धाकट्याने ऐकावी, तसा तो गेला. थोड्याच वेळात पलीकडून फरशा उचलल्याचे आवाज येऊ लागले.

शिष्य थक्क होऊन ऐकत राहिला. प्रमाणांनी, पाटीने, पोलिसांच्या धाकाने जे होईल अशी त्याची खात्री होती, ते दोन अक्षरांनी झालं होतं. शेवटी त्याने विचारलं, "गुरुजी, हा 'नको' पहिल्याच दिवशी का नाही म्हणालात?"

"पहिल्या दिवशी त्याने विचारलं कुठे होतं?" शास्त्रीबुवा म्हणाले. "विचारणाऱ्याला 'नको' म्हणता येतं, न विचारणाऱ्याशी नुसतं भांडता येतं. आणि त्याने तरी का विचारावं? इतकी वर्षं भिंतीला भिंत लागून आहे. आपण त्याच्याकडे कधी चमचाभर काही मागितलं होतं? आपल्याला कोणाचं काही लागत नाही, या तोऱ्यात आपण राहत होतो. अशा घराला कोणी काही विचारत नाही रे. मागण्याची रीत पडली नव्हती, ती आधी आपण पाडली. पुढे तो स्वतःच विचारायला आला." मग म्हणाले, "पण त्याआधी अक्काला काही झालं असतं, तर माझं हे शहाणपण मला जन्मभर खुपलं असतं. तेवढा धोका मी पत्करला होता. रोज भीत होतो."

शिष्याने खाली वाकून त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं. त्या शेवटच्या वाक्याने त्याला जितकं नम्र केलं, तितकं कुठल्या ग्रंथाने केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी रिक्षा फाटकातून आत आली आणि ओट्याला लागली. अक्कांनी कठडा धरला. शिष्य हात पुढे करून उभा होता; त्यांनी नजरेनेच त्याला थांबवलं. एक पाय, मग दुसरा. ओट्यावर उभ्या राहून त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि रस्त्याकडे पाहिलं. तोंड झाकलेलं नव्हतं.

संध्याकाळ होत आली, तसा शिष्य कोणी न सांगता उठला आणि वाटी घेऊन शेजारी निघाला. घरात त्या दिवशी भरपूर दही होतं.