दोन दारांमधली भिंत

एका राज्यात, जिथे डोंगर कूस बदलत आणि पाखरे माणसांना सल्ला देत, नदीच्या घाटावर पहिली कळशी कोणी भरावी यावरून दोन धर्मांचे लोक भांडले. भांडणावरच पोसणारा भस्माक्ष मांत्रिक तेथे आला. त्याने नदी एका गुहेत कोंडली आणि प्रजेला शाप दिला. माणसे पायांपासून हळूहळू दगड होऊ लागली. राजाही सिंहासनावर कमरेपर्यंत दगड झाला.

सीमेवरच्या एका निर्जन गडावर पार्वताक्का आणि जैनबदाई या दोघी बायांनी केतकीला वाढवले होते. मूल वाटेवर सापडलेले. गडाखालची वस्ती तिने कधी पाहिली नव्हती. जेवताना ती पानाला नमस्कार करी, गायीचा घास बाजूला ठेवी आणि ‘बिस्मिल्ला’ म्हणून पहिला घास घेई. जेवण्याची रीत ती हीच, असे तिला वाटे.

शाप गडावरही चढला. गुहेत कोंडलेली नदी सुटली तरच तो उतरेल, असे पाखरांनी सांगितले. दोघींच्या गळ्याशी दगड आला, तेव्हा केतकीने पदर खोचला.

“मी नदी सोडवून आणते.”

“सावकाश जा बेटी,” जैनबदाई म्हणाली, “ठेच लागेल.”

“हिचे ऐकू नकोस,” पार्वताक्का म्हणाली. “आम्हांला वेळ थोडा आहे. पळत जा.”

केतकी पळत गेली.

गुहेच्या पहिल्या नाक्यावर दोन चटया होत्या. आपापल्या धर्माच्या चटईवर जो बसे, त्याला ती चटई गिळून टाकी. केतकीने दोन्ही चटया जोडून अंथरल्या आणि मधोमध बसून दम घेतला. चटयांना कोणी गिळावे हे ठरेना.

दुसऱ्या नाक्यावर एका राक्षसाने पान वाढले. जेवणाऱ्याची रीत पाहून त्याच्या धर्माचा बेडी-मंत्र म्हणायचा, हे त्याचे काम. केतकीने नमस्कार केला, घास बाजूला ठेवला, बिस्मिल्ला म्हटले. राक्षसाने दोन्ही मंत्र अर्धे अर्धे म्हटले आणि स्वतःच्याच पायांत बेडी घालून घेतली.

“मुली, तू आहेस तरी कोण?” तो कण्हत म्हणाला.

“घाईत आहे,” केतकी म्हणाली.

तिसऱ्या नाक्यावर एका भिंतीत दोन दारे होती. भिंतीवर बसलेली साळुंकी बोलली, “हे पार्वताक्काच्या लोकांचे दार, ते जैनबदाईच्या. ज्या दारातून जाशील त्याचे लोक जगतील; दुसरे दार कायमचे मिटेल.”

“त्या दोघींचे लोक वेगळे आहेत?”

“नमस्कार एकीचा, बिस्मिल्ला दुसरीचा. तुला कोणी सांगितले नाही?”

केतकीचे पाय प्रथमच जड झाले. खाली पाहिले, तर बोटे दगडाची झाली होती. जे पूर्वी एक होते ते आता तिला दोन दिसत होते. न पाहणे तिच्या हाती उरले नव्हते.

“मग मी कोणाची?”

“ते कोणालाच ठाऊक नाही. तरी निवड करावी लागेल.”

केतकीने भिंतीला कान लावला. पलीकडे पाणी वाहत होते, एकाच आवाजात. तिने एका दाराचा लोखंडी अडसर उपसला आणि दोन दारांच्या मध्ये, भिंतीवर घाव घातला.

भस्माक्ष धुरातून प्रकटला. “तिथे वाट नाही.”

“नसू दे.”

“कोणत्या धर्मासाठी खणतेस, तेवढे सांग.”

“माझ्या दोन आया आहेत,” केतकी म्हणाली, आणि दुसरा घाव घातला.

दगड घोट्यांवर चढला, गुडघ्यांवर चढला. तिने हात थांबवले नाहीत. कमरेशी दगड पोहोचला तेव्हा भिंत फुटली. मांत्रिकाचे सारे बळ त्या भिंतीत होते. तो चुन्यासारखा विरघळून पाण्यात वाहून गेला. नदी राज्यभर पसरली. जिथे पाणी पोहोचले तिथे दगडाचे पुन्हा माणूस झाले.

गडावर दोघी हातपाय चोळीत बसल्या होत्या. केतकी त्यांच्यासमोर बसली आणि शांतपणे म्हणाली, “आता मला सांगा, कोणते काय कोणाचे ते. सगळे नीट सांगा. मला दोन्ही समजून करायचे आहे.”

दोघींनी एकमेकींकडे पाहिले आणि सांगायला सुरुवात केली.

राजा सिंहासनावरून उठला. त्याने पहिली आज्ञा दिली, ती अशी: भिंतीतल्या त्या खिंडाराला दार बसवू नये. ती आज्ञा त्या राज्यात अजून पाळली जाते.