बाहेर कोण आहे?

आंबेघळच्या पेठेत नदीकडे उतरताना दोन पुरुष उंचीची दगडी भिंत लागते. तिच्यात घाटावर जाणाऱ्या सात वाटा आहेत. प्रत्येक वाटेच्या दोन्ही अंगांना दगडात उभ्या खाचा दिसतात ना, त्यांत पावसाळ्यात फळ्या बसवतात. पूर ओसरला की काढून ठेवतात. ही युक्ती दौलू सुताराची, असे सांगतात.

दौलूचे घर मात्र भिंतीबाहेर, खालच्या आळीत. सुतार, कोळी, बुरूड सगळे तिथलेच. भिंत पेठेसाठी होती. आळीचे पुढच्या वर्षी बघू, असे शेटलोक म्हणाले होते. दौलूला त्यात काही वावगे वाटले नाही. त्याला आपल्या सागवानी फळ्यांचा भारी अभिमान होता. पाणी लागले की त्या फुगायच्या आणि खाचेत अशा बसायच्या की पूर उतरेपर्यंत हलायच्या नाहीत.

पहिल्याच वर्षी भर दुपारी शिंगी नदी चढली. सहा वाटा बंद झाल्या. सातवीची शेवटची फळी उचलून दौलूने विचारले, "आमची सगळी वर आली का?"

"आली, आली. बसव तू," विसाशेट म्हणाले. त्यांनी वळूनसुद्धा पाहिले नव्हते, म्हणे.

दौलूने फळी ठोकली. घटकाभराने पलीकडून हाक आली. त्याची बायको साळू शेळी सोडायला मागे राहिली होती. तो फळीला झोंबला, नखे निघाली, फळी हलेना.

"दोर द्या! कुणीतरी दोर द्या!"

दोर पेठेत होते, पण गुळाच्या ढेपा माडीवर चढवायला गुंतले होते. एकाला सांगावे तर तो दुसऱ्याकडे बोट दाखवी. शेवटी दोर आला, तोवर हाक थांबली होती.

पेठेत थेंब शिरला नाही. शेटलोक दौलूला पागोटे बांधायला निघाले. त्याने त्याला हातही लावला नाही. "फळी ठोकण्याआधी बाहेर हाक मारत जा," एवढे बोलून तो गाव सोडून गेला. त्याचा तळतळाट लागेल या भीतीने पेठेने ते व्रतासारखे धरले.

आता फळ्या लोखंडी आहेत. खालची आळी अजून भिंतीबाहेरच आहे. आजही शेवटच्या फळीआधी पेठेतला मानकरी नदीकडे तोंड करून तीनदा ओरडतो, "बाहेर कोण आहे?" मी लहानपणापासून पाहतो आहे, तिसरी हाक तोंडात असतानाच फळीवर घण पडतो.