वरची ओळ, खालची तार

एकदा एक साड्यांचा व्यापारी गिटार शिकायला निघाला, आणि गंमत अशी की त्याला गिटारीची आवड मुळीच नव्हती. त्याला फक्त आपला साडू आवडत नव्हता. मत्सर माणसाकडून काय काय करवून घेतो ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. ज्या गृहस्थाला बोटाला साधी टाचणी लागलेली खपत नव्हती, तो उतारवयाच्या तोंडावर पोलादी तारांवर बोटं सोलून घ्यायला तयार झाला.

या व्यापाऱ्याचं नाव गिरिधरशेठ. भर पेठेत त्यांचं दुकान होतं, जिभेवर साखर होती आणि गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जात नसे. साडू प्रफुल्लराव शाळेत चित्रकला शिकवत. कमाई बेताची, कपडे चुरगळलेले, बोलणं तुटक. अशा माणसाचा हेवा वाटण्याचं गिरिधरशेठना काही कारण नव्हतं, आणि दिवाळीपर्यंत तो वाटतही नव्हता.

दिवाळीत सगळे सासुरवाडीला जमले होते. फराळ झाल्यावर प्रफुल्लरावांनी कोपऱ्यातली गिटार काढली आणि एक पाळणा वाजवला. सासूबाई आपल्या दोन्ही मुलींना लहानपणी झोपवताना म्हणायच्या, तोच. सासूबाईंचा गळा आता थकला होता, त्यामुळे ती चाल घरात कित्येक वर्षांत कोणी ऐकली नव्हती. गिरिधरशेठची बायको मृणालिनी ऐकता ऐकता रडू लागली. पदराने डोळे पुसले तरी पाणी थांबेना.

शेठना ते तिथेच झोंबलं. लग्न झाल्यापासून आपण हिला दुकानातली उत्तमातली उत्तम साडी दिली, पण घडी उलगडताना हिचे डोळे कधी असे भरून आले नाहीत. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आणणारा हा कोण लागून गेला? त्या रात्रीचं जेवण त्यांना गोड लागलं नाही. चैत्रात सासूबाईंची पंचाहत्तरी होती. त्या दिवशी साडूच्या आधी आपण तोच पाळणा वाजवायचा, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं.

प्रफुल्लराव ज्यांच्याकडे शिकले, त्या उजागरे मास्तरांकडेच शेठ गेले. मास्तर म्हातारे होते. तरुणपणी चर्चमध्ये वाजवायचे, आता घरच्या ओसरीवर शिकवायचे.

"मला तो पाळणा वाजवता आला पाहिजे. दुसरं काही नको," शेठ म्हणाले.

"दुसरं काही नको म्हणणारा विद्यार्थी पहिल्यांदाच पाहतोय," मास्तर हसले. पण त्यांनी एक कागद काढला आणि पाळणा लिहून दिला. गिटारवाल्यांची ही एक सोपी लिपी असते, तिला टॅब म्हणतात. आडव्या सहा ओळी म्हणजे गिटारीच्या सहा तारा. ज्या ओळीवर जो आकडा, त्या तारेवर तितव्या पडद्यापाशी, म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्टीपाशी, बोट दाबायचं. बस्स. सूर कळत नसला तरी आकडे कळणाऱ्याला वाचता येईल अशी लिपी, आणि आकडे तर शेठच्या रक्तातच होते.

पहिल्याच दिवशी मात्र थोडी फजिती झाली. कागदावर जिथे जिथे शून्य होतं, तिथे तिथे शेठ काहीच न वाजवता पुढे सरकत. मास्तरांनी कारण विचारलं, तर म्हणाले, "शून्य म्हणजे काही नाही."

"शेठ, हे तुमचं दुकान नव्हे," मास्तर म्हणाले. "इथे शून्य म्हणजे मोकळी तार. बोट लावायचं नाही, पण छेडायची. आणि कोणती ओळ कोणती तार, हे मी वर..."

"समजलं, समजलं," असं म्हणून शेठ कागद खिशात घालून घरी गेले. त्यांना घाई होती. साडू पुढे होता ना!

नवी गिटार विकत घेऊन घरी ते रोज सराव करू लागले. दुकानात गिऱ्हाईक नसलं की दिवाळीत कोणीतरी मोबाइलवर केलेलं चित्रण लावून साडूच्या बोटांकडे टक लावून पाहत. पाहता पाहता त्यांचे दात आवळले जात. चित्रात साडूची जाड तार सगळ्यात वर दिसे आणि बारीक सगळ्यात खाली. तोच हिशेब त्यांनी कागदाला लावला. वरची ओळ ती जाड तार, खालची ओळ ती बारीक. आकड्यांत एक चूक होत नव्हती. तरीही गिटारीतून जे बाहेर पडे, त्याला पाळणा म्हणायची कोणाची छाती झाली नसती. पाळण्यातलं मूल दचकून उठलं असतं.

एकदा मृणालिनी दाराशी येऊन कौतुकाने म्हणाली, "अहो, काहीतरी वेगळंच बसवताय वाटतं?"

शेठना तो टोमणाच वाटला. त्यातच ती स्वयंपाकघरात परतली आणि कणीक मळता मळता तो पाळणा गुणगुणू लागली. साडूने वाजवलेला! आपल्या घरात, आपल्या बायकोच्या तोंडी! त्या रात्री शेठना झोप आली नाही आणि पहाटेपर्यंत त्यांच्या संशयाला पाय फुटले. मास्तर साडूचे जुने गुरू. आवडत्या शिष्यावर कोणी कुरघोडी करू नये, म्हणून त्यांनी आपल्याला मुद्दाम चुकीचा कागद दिला. खरा कागद साडूकडे आहे.

व्यापाऱ्याला यावर एकच उपाय ठाऊक होता. दुकानातली एक भारी पैठणी त्यांनी पिशवीत घातली आणि मास्तरांचं घर गाठलं.

"ही तुमच्या घरच्या बाईंसाठी," ते म्हणाले. "आणि आता तो खरा कागद काढा, मास्तर. प्रफुल्लरावांना दिलेला."

मास्तर रागावले नाहीत. खुर्चीत मागे टेकून म्हणाले, "आधी साडी तरी दाखवा."

शेठ सतरंजीवर बसले. सवयीच्या हाताने त्यांनी पैठणी मास्तरांसमोर सर्रकन उलगडली, काठ त्यांच्या बाजूला केला आणि पदर पसरला. मास्तरांना पदरावरचे मोर ऐटीत उभे दिसले. तेवढ्यात मास्तर गुडघ्यावर हात टेकून खुर्चीतून उठले, साडीला वळसा घालून आले आणि शेठच्या खांद्याला खांदा लावून त्यांच्या शेजारी बसले.

"अहो, तुम्ही इकडे कशाला? तिथूनच चांगली दिसते!" शेठ गोंधळले.

"इथून तर सगळे मोर शीर्षासन करतायत," मास्तर पदराकडे पाहत म्हणाले. "शेठ, तुम्हाला आयुष्यभर हे असेच दिसले?"

"मग काय तर! धंदाच तो. साडी समोरच्याच्या बाजूने मांडायची असते, आपल्या नाही."

मास्तरांनी साडीची घडी घालून शेठच्या हातात परत दिली. मग आपली गिटार उचलून शेठच्या मांडीवर ठेवली, पण उभी नाही. पोळपाट ठेवावा तशी आडवी, तारा आभाळाकडे करून. तारांच्या पलीकडे त्यांनी शेठच्या खिशातला तो कागद ठेवला.

"आता वाजवू नका. नुसतं बघा. तुमच्यापासून सगळ्यात लांबची तार कोणती?"

"बारीक."

"आणि कागदावर तुमच्यापासून सगळ्यात लांबची ओळ?"

"सगळ्यात वरची." शेठ थबकले. एकदा कागदाकडे, एकदा तारांकडे पाहत राहिले. वरची ओळ ही बारीक तार होती, गिटार उभी धरली की सगळ्यात खाली जाणारी. इतके दिवस त्यांनी सबंध पाळणा उलटा वाजवला होता.

मग मास्तर बोलले. आवाज शांत होता, पण त्यात जरब होती.

"प्रफुल्लला दिलेला कागद हाच आहे, शेठ. मी दुसरा लिहिलाच नाही. ही लिपी बघणाऱ्यासाठी नाही. ज्याच्या मांडीवर गिटार आहे, त्याला खाली मान घालून जे दिसतं, ते तिच्यात लिहिलेलं असतं. तुम्ही गिटार स्वतःच्या मांडीवर घेतलीत आणि डोळे मात्र साडूच्या समोर नेऊन बसवलेत. तिथून त्याचंही नीट दिसलं नाही आणि तुमचं तर दिसलंच नाही. साडी समोरच्याच्या बाजूने मांडावी, हे खरं. ते विकणं आहे. पण हा पाळणा तुम्हाला कोणाला विकायचाय का?"

शेठना लाज वाटली, आणि लाजेच्या खाली कुठेतरी सुटल्यासारखंही वाटलं. साडी बगलेत मारून ते घरी आले.

त्या संध्याकाळी त्यांनी मोबाइल कपाटात ठेवला. पलंगावर बसून गिटार मांडीवर आडवी घेतली, कागद पलीकडे ठेवला आणि अंगठ्याने एकेक तार छेडू लागले. शून्य, मोकळी तार. मग दोन. मग पुन्हा शून्य. अतिशय हळू, अडखळत, पहिलीच्या मुलाने अक्षरं जुळवावीत तसं. पण आता त्या अडखळण्यातून चाल ओळखू येत होती.

मृणालिनी हात पुसत बाहेर आली. समोरच्या खुर्चीत न बसता ती पलंगावर त्यांच्या शेजारी टेकली आणि त्यांच्या बाजूनेच कागदाकडे पाहू लागली. पहिली ओळ संपली तेव्हा तिने त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"अहो, इथे थांबा जरा. इथे आई थांबायची. झोक्याची दोरी ओढून घ्यायची आणि मग पुढचं म्हणायची."

शेठनी कागदावर पाहिलं. तिथे थांबण्याची काहीच खूण नव्हती. बोट कुठे ठेवायचं ते त्या लिपीत होतं, पण किती वेळ ते नव्हतं. ते या बाईला माहीत होतं, आणि इतकी वर्षं तिला कोणी विचारलं नव्हतं.

त्यांनी पुन्हा वाजवलं आणि तिथे थांबले. दोरी ओढण्याइतकंच. शेजारून हुंदका आला.

"प्रफुल्लभाऊजीसुद्धा इथे थांबत नाहीत," डोळे पुसत ती म्हणाली.

हेच वाक्य सकाळी ऐकायला मिळालं असतं, तर गिरिधरशेठनी पेठेत पेढे वाटले असते. आता ते पुढचा आकडा शोधत होते.

"मग पंचाहत्तरीच्या आधी त्यांना सांगायला हवं," ते कागदावरची नजर न उचलता म्हणाले. "दोघं साडू मिळून वाजवू. तू फक्त कुठे थांबायचं ते सांग."