रिकाम्या जात्याचा आवाज

एकदा एका धान्याच्या व्यापाऱ्याच्या अंगणात भांडण ऐन भरात आलं होतं, आणि भांडणाच्या मधोमध जमिनीवर ज्वारीची एक भाकरी पडली होती. व्यापाऱ्याने ती नुकतीच आपटली होती.

"खा! खाऊन दाखव!" तो ओरडत होता. "तू टाकी लावलेल्या जात्याचं पीठ आहे हे. काल माझ्या अन्नछत्रात एक वाटसरू अर्ध्या पानावरून उठला. जाताना मला काय म्हणाला, ठाऊक आहे? 'शेटजी, अन्नदान करा, दगडदान नको.' मला म्हणाला! पंधरा वर्षांत ज्याच्या दारातून कुणी उपाशी गेलं नाही, त्याला!"

"आधी दाणे नीट पाखडायला सांगा, मग आमच्या माथी खापर फोडा," म्हाळसा म्हणाली.

"तोंड वर करून बोलतेस?"

"तोंड खाली करून बोललेलं तुम्हाला ऐकू तरी येईल का? तुमचा आवाज केवढा!"

अंगणातले दोन हमाल हसू दाबायला भिंतीकडे वळले.

म्हाळसा टाकी लावणारी होती. वापरून वापरून जातं गुळगुळीत झालं की त्यावर दाणा नुसता घसरतो, दळला जात नाही. मग टाकीवालीला बोलवायचं. ती छिन्नीने दगड टोचून पुन्हा खरखरीत करते. त्या छिन्नीलाही टाकीच म्हणतात. म्हाळसा सात वर्षं एका म्हातारीच्या हाताखाली ही विद्या शिकली होती. या व्यापाऱ्याचं जातं हे तिने एकटीने केलेलं पहिलं काम. त्या दिवशी म्हातारीने स्वतःची टाकी तिच्या हातात ठेवली होती आणि म्हणाली होती, "आजपासून ही तुझी. पण एका दगडाची जरी खोड निघाली, तर परत घेईन." म्हातारी दिला शब्द पाळणारी होती, आणि म्हाळसेला त्याचीच धास्ती होती. त्यामुळे तोंडाने ती व्यापाऱ्याशी भांडत होती, पण डोळे सारखे म्हातारीकडे जात होते.

म्हातारी भांडणात नव्हतीच. ती पुढे झाली, भाकरी उचलली, धूळ झटकली, तिथेच फतकल मारून बसली आणि खाऊ लागली. एकेक घास सावकाश चावत होती. अंगण इतकं अवाक झालं की दाताखालची कचकच सगळ्यांना ऐकू आली. असे चार घास झाल्यावर तिने जिभेवरचे कण तळहातावर घेतले, उन्हात धरले, बोटाने चोळले.

"माती नाही," ती म्हणाली. "इथली माती तांबडी. हे काळं आहे. दगडच आहे हा, जात्याचा."

म्हाळसेच्या पायाखालची जमीन सरकली. आपलीच गुरू आपल्याविरुद्ध साक्ष देते?

"ऐकलंत सगळ्यांनी?" व्यापारी गर्जला. "उद्याच्या बाजारात चार लोकांत सांगतो. या पोरीने या पंचक्रोशीत पुन्हा दगडाला हात लावायचा नाही!"

"सांगा की," म्हातारी म्हणाली. "पण आज दुपारचं दळण तेवढं होऊ द्या. म्हाळसे, टाकी लावल्यावर आधी कोंडा दळून फेकला होतास ना?"

"दळला होता, आजी. नव्या टाकीची कच त्यात निघून जाते, तुम्हीच शिकवलंय. तीन वेळा दळला."

"तीनच?"

"चार वेळा," म्हाळसा पुटपुटली. "पहिलं काम होतं म्हणून."

म्हातारीने मान डोलावली. एव्हाना व्यापाऱ्याला धाप लागली होती, तो गप्प झाला होता. तशी ती त्याला म्हणाली, "का हो, थांबलात का? चालू द्या. तुम्ही गप्प बसलात तर माझं काम कसं व्हायचं?"

ही थट्टा समजून व्यापारी आणखीच भडकला आणि पाय आपटत पुढच्या दुकानात गेला. तिथे एका पोत्याचं तोंड सैल बांधलेलं त्याला दिसलं. त्याला तेवढं पुरलं.

व्यापारी दाता होता, यात खोट नव्हती. रोज पन्नास-साठ पानं उठत. दान करणाऱ्याला चारचौघांवर खेकसायची मुभा असते, असं लोक धरून चालतात. लोकांचं काय, लोक काहीही धरून चालतात. तो स्वतःही अभिमानाने सांगे, "माझ्या आवाजाचा धाक आहे, म्हणून या घरात एक माणूस आळसात बसलेला दिसायचा नाही." आणि खरोखरच तसा कुणी दिसत नसे.

जात्याची खोली मागच्या अंगाला होती. चार बायका पाळीपाळीने तिथे दळत. पुरुषाने त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, आणि चालत्या जात्यावरून बाईला उठवायचं नाही, ही व्यापाऱ्याच्या आईने घालून दिलेली रीत. आई जाऊन वर्षं लोटली, पण रीत टिकून होती.

म्हाळसेला वाटलं, आता म्हातारी आत जाईल, जात्याची वरची तळी उचलून बाजूला ठेवील आणि दगड तपासेल. कुठल्याही टाकीवालीने तेच केलं असतं. पण म्हातारी खोलीच्या बाहेर, भिंतीला पाठ लावून बसली आणि तिने डोळे मिटले.

"आजी, दगड आत आहे."

"ठाऊक आहे."

"मग तुम्ही बाहेर का?"

"दगडाला काय विचारायचं? तू टोचलेला दगड मी त्याच दिवशी बोट फिरवून पाहिला होता. तू पाणी आणायला गेली होतीस तेव्हा. त्यात खोड नव्हती. बस. ऐक."

म्हाळसा बसली. टाकीत खोड नव्हती हे ऐकून तिचा जीव जरा खाली आला, पण आता दुसरंच कोडं पडलं. टाकी चांगली, दाणे चांगले, कोंडा चार वेळा दळलेला. मग कच येते कुठून?

आत जातं घरघरत होतं. जाडसर, भरल्या पोटाचा आवाज. बराच वेळ तो तसाच चालला. मग मंदावला, आता थांबणार इतक्यात दुकानातून व्यापाऱ्याचा आवाज आला. "कुठे मेलेत सगळे? हाकेला ओ द्यायला जीभ झडली का?"

आणि जातं पुन्हा सुरू झालं.

पण या वेळचा आवाज निराळा होता. बारीक, कोरडा, दातावर दात घासावा तसा. म्हाळसेच्या अंगावर काटा आला. तिने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीचे डोळे मिटलेलेच होते, पण ती म्हणाली, "आता घराकडे बघ."

म्हाळसेने पाहिलं. मागच्या अंगणात एक गडी झाडत होता. अंगण लख्ख होतं, तरी तो झाडत होता. झाडून झाडून सारवण उडालं होतं आणि खालचे खडे वर आले होते. विहिरीपाशी एक बाई घासलेला हंडा पुन्हा घासत होती. गोठ्यात कुणी बैलाची पाठ इतकी चोळली होती की तिथले केस गेले होते. व्यापाऱ्याचा आवाज चढला की सगळ्यांचे हात भराभर चालत. आवाज लांब गेला की खराटा थांबे, हंडा थांबे, आणि जातंही थांबे.

म्हाळसा उठली आणि खिडकीच्या गजांतून आत डोकावली. सूप रिकामं होतं. टोपलीत दाणा नव्हता. दळणारी बाई खुंटा धरून रिकामं जातं गरगरा फिरवत होती. दगडावर दगड घासत होता आणि भोवतीच्या पांढऱ्या पिठावर काळी पूड झडत होती. गुळगुळीत जातं रिकामं फिरलं तर नुसतं घासतं; नव्या टाकीचा खरखरीत दगड मात्र असा झडतो.

म्हाळसेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. दाराशी झेप घेऊन ती आत शिरली. "अगं ए! माझ्या पोटावर पाय देतेस? रिकामं जातं फिरवू नये हे लहान पोरीला कळतं! चल बाहेर, चल, सांग तुझ्या शेटला!" तिने त्या बाईचा दंड धरला.

बाई घाबरली, पण तिने खुंटा सोडला नाही. ती म्हणाली, "ओरडू नका ना हो. जातं घरघरतं तोवर आम्हाला कुणी हाक मारत नाही. थांबलं की हाक येते. मी एकटी नाही, चौघीही असंच करतो. तेवढंच निवांत मिळतं."

म्हाळसेच्या हाताची पकड आपोआप सैल झाली. मागे म्हातारी येऊन उभी राहिली होती.

"आजी, मग आता? हिचं नाव सांगितलं तर ही आज घराबाहेर. नाही सांगितलं तर माझी टाकी गेली."

म्हातारी जात्याजवळ टेकली. जळत्या कंदिलाची काच चाचपावी तसा तिने दगडाला हात लावून पाहिला. तो तापला होता.

"हे बघ," ती म्हणाली, "दगड कठीण असतो यात त्याचा दोष नाही. मऊ दगडावर दळण होत नाही. माणूस कडक असला, तापट असला म्हणून मी त्याला नावं ठेवणार नाही. मी काय कमी तापट आहे? सात वर्षं माझ्या हाताखाली सुखात होतीस का तू?"

"नाही," म्हाळसा म्हणाली.

"किती पटकन म्हणालीस!" म्हातारी हसली. "म्हणूनच सांगते. दोन दगडांच्या मध्ये मूठभर दाणा हवा. समोरच्याचं काय होईल, हा विचार म्हणजे तो दाणा. तो मध्ये असला की रागाचंसुद्धा पीठ होतं, कुणाच्या तरी अंगी लागतं. तो नसला की दगड दगडाला खातो. आणि ती कच कुणाच्या दाताखाली येईल याचा नेम नसतो. शेटजी ओरडले हमालावर, ती आली वाटसरूच्या घासात. आता सांग, मघाशी हिचा दंड धरलास, तेव्हा तुझ्या मुठीत दाणा होता का?"

म्हाळसेने मान खाली घातली. ती म्हणाली, "मग खरं सांगायचंच नाही का, आजी?"

"नाही कसं? खरं न सांगणारी टाकीवाली माझ्या हाताखाली तयार झाली, असं कुणी म्हणायला नको. सांगायचंच."

"पण कसं?"

"ते मी काय सांगू? टाकी तुझ्या हातात आहे."

दोघी खोलीबाहेर आल्या, आणि दुपारचं दळण संपता संपता व्यापारी मागच्या अंगणात आला. पुरुषाची हद्द जिथे संपत होती त्या उंबऱ्याबाहेर कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "काय, म्हातारे? सापडली का चोरी? का टाकी गुपचूप पिशवीत घालून निघणार होतात?"

"सापडली," म्हातारी म्हणाली. "दगड चांगला आहे, टाकी चांगली आहे, दाणाही चांगला आहे. दाणे संपल्यावर जातं रिकामं फिरतं, शेटजी. कच त्याची आहे."

व्यापारी क्षणभर बुचकळ्यात पडला. रिकामं जातं कुणी कशाला फिरवील? काम नसताना काम कोण करील? त्याच्या कपाळावर खरोखरीची आठी पडली, आणि त्या घटकेला तो रागीट दिसण्याऐवजी नुसता नवलात पडलेला दिसला. पण नवल त्याला फार वेळ पेलत नसे.

"रिकामं?" त्याचा आवाज चढला. "म्हणजे माझ्या घरचं खाऊन माझ्याच अन्नात दगड कालवते? कोण आहे ती? चौघींतली कोण? तुम्ही आत जाऊन आलात, तुम्हाला माहीत आहे!"

खराट्याची खरखर सुरू झाली. विहिरीपाशी हंडा वाजू लागला.

"ऐक, पोरी," व्यापारी म्हाळसेपुढे येऊन ओरडला. "नाव सांग, की तुझी टाकी निर्दोष! उद्याच्या बाजारात मी स्वतः तुझी वाखाणणी करतो. नाही सांगितलंस तर दोष तुझा, आणि गावाची वेस तुला बंद. बोल! नाव सांग!"

म्हाळसेने म्हातारीकडे पाहिलं. म्हातारीने तोंड फिरवून गोठ्याकडे बघायला सुरुवात केली होती. कमरेच्या पिशवीत टाकीचं टोक म्हाळसेच्या बोटांना लागलं. सकाळी हाच माणूस ओरडला तेव्हा तिच्या जिभेवर दहा उत्तरं तयार होती. आताही होती, एकाहून एक झणझणीत. ती एक एक करून तिने गिळली.

"नाव सांग म्हणतो ना!"

आत जातं सुरू झालं. बारीक, कोरडं, दातावर दात घासल्यासारखं. ते सगळ्यांना ऐकू येत होतं. या अंगणात पंधरा वर्षं ते रोज ऐकू येत होतं, पण कुणी ऐकत नव्हतं.

म्हाळसा दोन पावलं पुढे आली, व्यापाऱ्याच्या अगदी जवळ, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या हलक्या आवाजात म्हणाली, की ऐकायला त्याला मान झुकवावी लागली:

"नाव सांगते, शेटजी; पण आधी तुम्ही ते इतक्या हळू विचारा, की आतलं जातं थांबेल."